मेढीजवळची जागा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्याने दुसऱ्या माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार मिळत नाही, हे जाणतो. क्षमा असावी, पण राहवत नाही.

दवनीवाड्याचे आमचे शेजारी काका प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, दुसऱ्यांदा हळू. सकाळी माणसांच्या आधी ते आपल्या लंगड्या बैलाशी बोलतात. धान निघाले की तो बैल विकायचा, असे त्यांच्या मोठ्या भावाने ठरवले होते.

दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, तंबूचा सिनेमा आला. त्यात शेतावरचे एक अधू गाढव होते. पडद्यावरचा धनी ते विकायला निघाला, तसे काका उठून ओरडले, “अबे, काऊन इकून राहिला? त्याले काम तं दे! काम तं दे.”

“बसा ना जी, दिसून नाही राहिलं!” मागून आरडाओरडा झाला.

शेवटी ते गाढव रहाटाला गोल फिरू लागले, शेतात पाणी आले. काकांनी माझा हात इतका दाबला की बोटे दुखली.

मी नागपूरला परतलो. आमच्याकडे खळ्यावर मेढीच्या खांबाभोवती बैलांची रांग फिरवून धान तुडवतात. बाहेरच्या बैलाला सर्वांत जास्त चालावे लागते. काल बाबांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेले पत्र आले:

“काकाने लंगड्याले सगळ्यात आत, मेढीजवळ बांधला. तिथं पावलं थोडी लागतात. खळं पुरं होईपर्यंत चालला. आता त्याचा भाऊच सांगून राहिला, हा बैल इकाचा नाही.”