यादीतलं बारावं नाव

पहाटेपासून बर्फात पाऊस मिसळून पडत होता आणि रस्त्यांवर काचेसारखा थर धरला होता. अशा दिवशी निम्मं एडिसन शहर घरून काम करतं. मंजुषा मेश्रामचं काम घरून होण्यातलं नाही. ती हॉस्पिटलात पेशंटांचं रक्त घेते. साडेपाचला पहिला वॉर्ड, नऊ वाजेपर्यंत तीसेक हात. एखाद्याची नस सापडेना झाली की बाकीच्या पोरी तिलाच हाक मारतात. ती बोटानं चाचपते, इंग्रजीत दोन गोड शब्द बोलते, आणि सुई पहिल्याच फटक्यात आत. नागपूरच्या इंदोऱ्यातून येऊन तिला बावीस वर्षं झाली, पण कोणाला दुसऱ्यांदा टोचायची वेळ क्वचितच आली असेल.

त्या मंगळवारी मात्र दोघांना दोनदा टोचावं लागलं. बुधवारी दुपारी तिच्या घराचा लिलाव होता, कोर्टाच्या हुकमानं, शेरीफमार्फत.

नवरा राकेश ट्रक चालवायचा. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दीड वर्ष तो घरी बसला. इन्शुरन्सनं निम्मं बिल अंगावर टाकलं, ते क्रेडिट कार्डांवर गेलं, आणि घराचे हप्ते राहिले ते राहिलेच. आता तो पुन्हा कामावर जात होता, दोघांचा पगार येत होता, पण बँक थांबायला तयार नव्हती.

ड्यूटी संपवून मंजुषा थेट वकिलाकडे गेली. वकील इला इथेच जन्मलेली. मराठी अडखळत, कायदा मात्र पक्का.

“मावशी, चॅप्टर थर्टीन, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज, आज फाइल केला की उद्याचा लिलाव स्टॉप. राहिलेले हप्ते पाच वर्षांत थोडे थोडे द्यायचे, चालू हप्ता वेळेवर. घर तुमचंच. अर्जाआधी करायचा तो कोर्स केला ना?”

“रविवारीच केला. तासभर बसले कॉम्प्युटरपुढे. पैसे कसे वाचवावेत ते शिकवत होते मला!” मंजुषा म्हणाली. “त्यांनाच दोन गोष्टी सांगितल्या असत्या.”

इला हसली आणि बँकेचे कागद चाळू लागली. देणेकऱ्यांच्या यादीत अकरा नावं होती. बँकेच्या कागदातल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

“दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोनशे डॉलर कॅश. हे कुठे जातात?”

मंजुषानं पर्स मांडीवर ओढून घेतली.

“मावशी?”

“शैलजाताईंना. आपल्या बुद्ध विहारातल्या. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी अठरा हजार दिले, कागद नाही, काही नाही. विहारात रविवारच्या जेवणाला मी त्यांच्या डब्याखाली पाकीट ठेवून देते.”

“त्यांचं नाव लिस्टमध्ये नाही.”

“आपल्या माणसाला कार्डवाल्यांच्या रांगेत कोण बसवतं, गं? त्यांच्या दारात कोर्टाचं पत्र जाईल. त्यांचं मी आपलं आपण फेडीन.”

इलानं पेन खाली ठेवलं. “नो. तुम्ही शपथेवर सही करणार, की सगळं सांगितलं. नंतर ट्रस्टीला, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाला, हे दिसलं, तर केस जाईल. मग घर पण जाईल. त्यांचं नाव लिहायचं, दिलेले पैसे लिहायचे, आणि पाकीट आजपासून बंद. केस संपल्यावर मनानं द्या, तेव्हा कोणी थांबवत नाही.”

मंजुषा उठून बाहेर गाडीत जाऊन बसली. हीटर लावला. बँकेसमोर मान खाली घालायला तिला काही वाटत नव्हतं. तिनं चैन नाही केली, माणूस उभा केला होता. पण शैलजाताई! शेवटी तिनं फोन लावलाच.

“जय भीम, मंजू. कामाच्या टायमाला फोन? राकेश बरा हाय ना?”

“बरा आहे, ताई. तुमच्या नावानं कोर्टाचं पत्र येणार आहे.”

“मले? काऊन? म्या कोनाचं काय खाल्लं?”

मंजुषानं एका दमात सगळं सांगितलं. लिलाव, यादी, पाकीट.

“म्हणजे माह्या इज्जतीपायी तू घर घालवून राहिली होतीस?” शैलजाताईंचा आवाज चढला. “येवढी शिकली, अन् कायद्याले भेते? आपण कायदा वापराचा का त्याच्यापासून लपाचं? जा, लिही माहं नाव. अन् स्पेलिंग बरोबर लिही. इथले लोक काहीही लावतात.”

“पैसे मग पाच वर्षांनी, ताई.”

“तवा मी सत्तरची होईन. क्रूझवर जाईन. ठेव फोन!”

मंजुषानं आत येऊन बारावं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सही केली. पावणेचारला केस नंबर आला. इलानं तो शेरीफच्या ऑफिसला कळवला आणि बुधवारचा लिलाव थांबला.

पुढच्या महिन्यात ट्रस्टीपुढची मीटिंग होती, व्हिडिओवर. बँका नि कार्डवाले कोणी फिरकले नाहीत. ट्रस्टी पगाराबद्दल, घराबद्दल विचारत होते, तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन उजळला. इस्त्रीची पांढरी साडी, नाकावर चष्मा. शैलजाताई! देणेकरी हजर राहू शकतात असं पत्रात लिहिलं होतं. त्यांना वाटलं, बोलावलंय तर जायला हवं.

ट्रस्टींनी त्यांना अदबीनं विचारलं, मंजुषाला काही विचारायचं आहे का?

“यस,” शैलजाताई ठणकावून इंग्रजीत म्हणाल्या, “तिनं दुपारचं जेवण केलं का?”

ट्रस्टी क्षणभर गोंधळले, मग त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा मंजुषाला विचारला.

“अजून नाही, सर,” शपथेवर असलेली मंजुषा म्हणाली.

दोन मिनिटांत मीटिंग संपली. राकेश दारातून डोकावला. “झालं?”

“झालं. पहिला हप्ता गेला, एकोणसाठ राहिले,” असं म्हणत तिनं लॅपटॉप मिटला, वरणभात गरम करायला ठेवला, आणि तळघरात जाऊन वॉशरमधले ओले कपडे ड्रायरमध्ये टाकू लागली.