दातांवर उतरवलेली चाळीस वर्षं

आमच्या दवाखान्याला दात बनवून देणाऱ्या माणसाला सगळेच डॉक्टर 'मामा' म्हणतात. त्यांच्या लॅबच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, म्हणजे रुग्णांच्या दातांचे साचे, वर्षानुसार लावलेले. मी दातांची डॉक्टर, मामा दहावी नापास. तरी आता काही अडलं की मी त्यांनाच विचारते.

आईचे वरचे पुढचे चार दात काढावे लागले. मी हाडात इम्प्लांट, म्हणजे दातांची धातूची मुळं, बसवली आणि त्यांवर स्क्रूने बसवायच्या दातांसाठी मामांना फर्मान सोडलं, "एकदम सरळ, नवेकोरे दात करा." त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ऐकून घेण्याइतका वेळ मला कुठला?

दीड वर्षात आईचे खालचे दात, तिचे स्वतःचे, झिजून पातळ झाले. गार पाण्याने ती कळवळायची. आता तेही जाणार आणि ते माझ्यामुळे, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. मुकाट्याने खालच्या दातांचा साचा घेऊन मी लॅब गाठली.

मामांनी फळीवरून आईचा जुना, दात काढण्याआधीचा साचा उतरवला. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं.

"या ताई शिवणकाम करतात ना? दोरा दातानं तोडतात."

मी चाट पडले. मामांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं.

"ही बारीक खाच बघा. चाळीसेक वर्षं खालच्या दातांनी हिच्याशी जुळवून घेतलं. आता समोर कडक, सपाट भिंत. खऱ्या दातावर जोर पडला की त्याला कळतं, तो जबड्याला आवरतं घ्यायला लावतो. स्क्रूवर बसलेल्याला काय कळतंय? स्वतः झिजत नाही, समोरच्याला झिजवतो. काढून आणा."

मी स्क्रू सोडवून दात आणून दिले. मामा तीन दिवस ते घासत बसले. जुन्या साच्यातली तीच तिरकी कड, तीच खाच, मग लखलखीत पॉलिश. आईचं अर्धं आयुष्य त्यांनी नखाएवढ्या जागेत उतरवलं होतं. माझ्या पदवीचा तोरा तिथेच उतरला.

दात बसवल्यावर आई शिवायला बसली. सवयीने दोरा तोंडाशी नेला, तो बरोब्बर खाचेत बसला. ती थबकली आणि तिने चक्क कात्री उचलली. कात्रीसाठी मी वीस वर्षं घसा कोरडा केला होता.

"त्या माणसानं माझी खोडसुद्धा जपलीय," ती म्हणाली. "आता मी सोडली तरी चालेल."

सहा महिन्यांनी खालच्या दातांचा नवा साचा मी मामांपुढे ठेवला. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं.

"झीज थांबलीय," ते म्हणाले. मग बोट एका जागी रेंगाळलं. "इथं दोऱ्याची नवी खूणही नाही. ताईंनी कात्री घेतली वाटतं हातात."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.