पाच खाचा पुढे

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त चहासोबत ऐकल्या आणि सांगणाऱ्याची टिंगल केली. आमच्या प्लांटच्या वॉचमनला गोडाऊनमध्ये कुणीतरी दिसायचं, तर त्याला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कोणती घेतो रे तू?" मी जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत प्रोडक्शन बघतो. उगवणशक्तीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक पोतं गेटबाहेर सोडत नाही. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... माझं हसून झालेलं आहे.

मागच्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. टप मागे दुमडून ठेवता येणारी, दोनच सीटची, निळी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॉलेजात असताना असल्या गाडीचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, एवढंच कारण. मुलगी शिकायला लातूरला, घरात मी आणि वैशाली दोघंच, म्हटलं आता नाही तर कधी? जालन्यात असली गाडी घेणं म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. रोलिंग मिलची काजळी सीटवर बसते, प्रत्येक स्पीड ब्रेकरला पोट घासतं आणि सिग्नलला शेजारचा टेम्पोवाला आत वाकून विचारतो, "साहेब, छप्पर कुठं उडालं?"

माझे वडील, अण्णा, जाफराबादकडे गावी राहतात. शेती करता करता त्यांनी आयुष्यभर बैलांचे व्यवहार केले. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकणारा देत नाही. घेणाऱ्याने स्वतःचं दावं न्यायचं, ते बांधायचं आणि बैल घेऊन जायचं. का, हे लहानपणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "ते त्याच्या घरचं असतं. आपल्याला काय करायचं?" मी गाडी आणायला निघालो तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "त्याचं काही असंल तर त्याला ठिवू दे बरं का." मी "हो हो" केलं.

विकणारे संभाजीनगरचे एक निवृत्त गृहस्थ होते. कागदांवर सह्या झाल्या, किल्ली हातात आली, आणि काकांनी डाव्या सीटवरची उशी उचलली. बुटक्या माणसाने उंच बसावं म्हणून ठेवतात तसली जाड, तपकिरी उशी.

"ही मी ठेवतो," ते म्हणाले.

"असं कसं काका? जशी उभी आहे तशी गाडी ठरली ना आपली?" मी हसत हसत त्यांच्या हातातून ती काढून घेतली. मला उशी नकोच होती. पण व्यवहारात समोरच्याला काही सोडायचं नाही, ही आपली हौस!

पूजा झाली, चाकाखाली लिंबं चिरडली. वैशाली शेजारी बसली. तिची उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच आहे. तिने सीटखालची दांडी उचलून सीट पार मागे ढकलली, डोक्याला ओढणी बांधली आणि आम्ही टप काढून भोकरदन रोडने निघालो. ती शाळेत शिकवते, घरीही बऱ्याचदा मास्तरीणबाईच असते. त्या दिवशी मात्र पोरीसारखी हसत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला वाटलं, की आपण हिच्यासाठी काहीतरी बरं केलं.

पुढच्या रविवारी ती बसायला गेली तर गुडघे डॅशबोर्डला धडकले. सीट पुढे सरकलेली.

"कोण बसलं व्हतं हितं?" तिने हसतच विचारलं.

"कुणी न्हाई. ब्रेक मारताना सरकली असंल."

तिने सीट मागे घेतली. दोन दिवसांनी पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. सीटच्या पट्टीवर खाचा असतात, त्या मोजल्या. दर वेळी बरोबर पाच खाचा पुढे. एखादी बुटकी बाई बसली तर जिथे लागेल, तिथे.

मेकॅनिकला दाखवलं. त्याने सीट उचलून पट्टी, स्प्रिंग, लॉक सगळं तपासलं. "सर, लॉक एकदम टाइट आहे. हाताने दांडी उचलल्याशिवाय हलणारच नाही." म्हणजे माझ्याच विरुद्ध साक्ष! ती तपकिरी उशी मी काढून माळ्यावर टाकली. काही फरक पडला नाही. किल्ली माझ्या खिशात, गाडी प्लांटच्या शेडमध्ये सकाळी नऊपासून लॉक, आणि संध्याकाळी बघावं तर सीट पुढे. मी मागे ढकलून घरी न्यायला लागलो. चोरी न करता चोरासारखा वागायला लागलो, म्हणा ना.

घरात मग तेच सुरू झालं. दोन सीटची गाडी... दुसऱ्या सीटवर कोण? शेजारच्या बायकांनीही तिला हेच विचारलं असणार. मी शपथा घेतल्या, ओरडलो, "तुझ्या डोक्यात काहीतरी बसलंय," असंही बोललो. ती शांतपणे म्हणायची, "मंग सीट काय चालत येऊन ऱ्हायली का?"

एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "खरं सांगा. मी भांडणार न्हाई. बिलकुल न्हाई. फक्त खरं सांगा."

मंडळी, इथे मी जे केलं ते मला आजही नीट कळत नाही. खरं मी पन्नास वेळा सांगून झालं होतं आणि ते खोट्यासारखं वाटत होतं. मला फक्त तो विषय संपवायचा होता. मी म्हणालो, "लॅबच्या रेखा मॅडमला सोडलं दोन-तीनदा. त्यांची गाडी बंद पडली होती. बाकी काही नाही."

रेखा मॅडम माझ्या गाडीत कधी म्हणजे कधीच बसल्या नाहीत. त्यांची उंची जेमतेम पाच फूट, म्हणून तेच नाव सुचलं.

"दोन का तीन?" वैशालीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना फोन केला. मॅडमनी खरं तेच सांगितलं, "मी त्या गाडीला हातसुद्धा लावला नाही." झालं! नवरा हो म्हणतो, ती नाही म्हणते, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहेच. आठवड्याभरात वैशाली तीर्थपुरीला माहेरी निघून गेली. मॅडमनी दुसऱ्या युनिटला बदली मागून घेतली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "सर, माझ्या घरी पण माणसं आहेत." मला मान वर करता आली नाही.

तेव्हा कुठे मला विकणाऱ्या काकांना फोन करायची अक्कल आली. सीटचं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही.

"सरकते खरी. मी एकटा माणूस, लग्न केलेलं नाही. सकाळी पुढे दिसायची, म्हटलं असू दे. मला कुठे कुणाला उत्तर द्यायचं होतं?"

"आणि ती उशी?"

"ती माझ्याआधीच्या मालकाची. तो काढून घेत होता, मी घेऊ दिली नाही. नंतर वाटलं, द्यायला हवी होती. म्हणून तुमच्या वेळी मीच काढत होतो..."

त्या मालकाचा पत्ता काकांकडे नव्हता. मी बराच शोध घेतला, कुणी सापडलं नाही.

अण्णांना सगळं सांगितलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दावं सोडलं न्हाईस तर. चल, मी येतो संगं. सूनबाईलाच बघू दे."

आम्ही दोघं तीर्थपुरीला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. लख्ख ऊन. वैशाली अण्णांच्या पाया पडली, माझ्याकडे बघितलंही नाही. अण्णा म्हणाले, "पोरी, त्याचं ऐकू नको, माझंबी ऐकू नको. तूच बघ."

तिने स्वतः सीट पार मागे ढकलली. पर्समधला खडू काढून पट्टीवर रेघ मारली. टप लावला, दोन्ही दारं लॉक केली आणि किल्ली मुठीत धरून ओट्यावर येऊन बसली. गाडी समोर दहा पावलांवर. आम्ही तिघंही गाडीकडे बघत बसलो. चहा आला, तो पण गाडीवर नजर ठेवूनच प्यायलो. एक माणूस जवळ गेला नाही, एक कोंबडीसुद्धा नाही. अर्ध्या तासाने ती उठली आणि दार उघडलं.

रेघ मागे राहिली होती. सीट पाच खाचा पुढे.

अण्णांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. सुटलो असं वाटलं. मी म्हणालो, "बघितलं ना? आता तरी पटलं?"

"पटलं," ती म्हणाली. "सीट आपोआप सरकती. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

"मग चल घरी."

"पण रेखा मॅडमचं नाव तर तुम्ही घेतलं. त्या बाईला एवढं बदनाम केलं. आन एवढ्या बायांमधून तेच नाव कसं काय आलं तोंडात?"

"तिची उंची कमी आहे म्हणून. दुसरं काही नाही गं, देवाशप्पथ."

"म्हंजे उंची बघून ठिवली व्हती की," ती म्हणाली, आणि किल्ली अण्णांच्या हातात देऊन आत गेली. अण्णा तिला थांब म्हणाले नाहीत.

गाडी आता शेडमध्ये उभी आहे. विकायला काढावी तर घेणाऱ्याला काय सांगणार? ती सीट का सरकते, तिथे कोण बसतं, मला आजही माहीत नाही. कुणी म्हणतं शांती करा, कुणी म्हणतं पट्टीच कापून टाका. मी काहीच केलेलं नाही. वैशाली रोज सकाळी तीर्थपुरीहून एसटीने जालन्याला शाळेत येते आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाते. बसस्टँडपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.