तिसऱ्या क्रमांकाचा तारांकित प्रश्न

आमचे नागरिकशास्त्राचे सर खुर्चीतून उठले की उभा असलेला अख्खा वर्ग खाली बसायचा. तुमच्या शाळेत मास्तर उभे राहिले की तुम्हीही उभे राहिला असाल. पंचवटीतल्या आमच्या शाळेत सरांच्या तासाला उलटा कारभार. “लोकसभेत अध्यक्ष उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचं असतं,” ते सांगत. “भांडा खुशाल, पण नियमाने भांडा.” नवे मुख्याध्यापक एकदा वर्गात शिरले, सर मानाने उठले आणि पोरं धपाधप खाली बसली. मुख्याध्यापकांना तो स्वतःचा अपमान वाटला.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप कोणी विसळायचे यावरून जुंपली की सर विचारत, “गणपूर्ती आहे का? मग चर्चा कसली करता?” आम्ही त्यांची भरपूर टर उडवली. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

ते निवृत्त झाले आणि मग त्यांचा नितीन गेला. एकुलता एक. शहराबाहेरच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होता. रसायनाची टाकी साफ करायला आत उतरला, तो वर आलाच नाही. कारखाना म्हणाला, आमचा माणूस नाही. कंत्राटदार म्हणाला, माझ्या हजेरीत नाही. म्हणजे पोरगा मेला, पण तो कोणाचाच नव्हता.

दुसऱ्या कोणी मोर्चा काढला असता. सर खासदाराकडे गेले. खासदार त्यांचाच विद्यार्थी, वर्गातल्या लोकसभेत विरोधी पक्षनेता होणारा. सर त्याला अहो-जाहो करायला लागले. मी हसलो तर म्हणाले, “आता ते सन्माननीय सदस्य आहेत, मास्तर.”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. कंत्राटी कामगार असा मेला तर जबाबदार कोण, हे मंत्र्याने सभागृहात उभं राहून सांगायचं. “लेखी उत्तर नको. तारांकित प्रश्न हवा. तारांकिताला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतो. कागदावर पळता येतं, पुरवणीत नाही.” पण प्रश्नांची सोडत निघते. एका अधिवेशनात नंबर लागला नाही. पुढच्या अधिवेशनात लागला, आणि यादीत चक्क तिसरा. म्हणजे तासाभरात नक्की पुकारला जाणार. सर पेढे घेऊन माझ्याकडे आले आणि पेढा हातावर ठेवता ठेवता रडले.

सरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, त्यांना एवढंच विचारलं होतं, “नितीनचं नाव घेतील ना तिथं?”

“पुरवणीत घेतील. मी सांगून ठेवलंय.”

प्रश्न येणार होता त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. वहिनी इस्त्रीची साडी नेसून टीव्हीपुढे बसल्या होत्या. अकराला कामकाज सुरू झालं आणि पहिला प्रश्न पुकारता पुकारताच आरडाओरडा उठला. कुठल्या तरी दुसऱ्याच विषयावरून सदस्य हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत, उतरले. अध्यक्ष उभे राहिले. कोणी बसेना.

“बसा! अहो, बसा खाली!” सर टीव्हीवर ओरडले. हौद्यात, फलक उंच धरून घसा फोडणाऱ्यांत, आमचा खासदार होता.

कामकाज बारापर्यंत तहकूब झालं. बाराला प्रश्नोत्तराचा तास संपलेला असतो. न झालेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली, असं धरतात. हे मला सरांनीच शिकवलं होतं, आणि वर कौतुकाने म्हणाले होते, “बघा, गोंधळ झाला तरी प्रश्न मरत नाही.”

संध्याकाळी फोन आला. “सर, पक्षाचा आदेश होता. माझा नाइलाज झाला.” सर म्हणाले, “हो. पक्षशिस्त असते.” आणि फोन ठेवला. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला होता, अजूनही आहे. सरांनी मात्र मला त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलू दिला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी टीव्ही काही लावला नाही.

उत्तराचा इंग्रजी कागद पोचला तेव्हाही मी सरांकडे बसलो होतो. दोन ओळी. माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. वहिनी सटाण्याकडच्या. जीव कासावीस झाला की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येई. “त्याम्हा नितीननं नाव शे का?” त्यात नितीनचं नाव आहे का, एवढंच त्यांना हवं होतं.

सरांनी चष्मा लावला आणि मराठीत वाचायला सुरुवात केली. “नाशिकच्या नितीनच्या मृत्यूची सरकारला खंत आहे. तो कामावर असताना गेला. त्याच्याबद्दलची माहिती गोळा केली जात आहे.”

कागद माझ्यासमोरच होता. त्यात नितीन नव्हता, खंत नव्हती. मुलांना कामकाजातला एक शब्द इकडचा तिकडे करू न देणारा हा माणूस सरकारच्या उत्तरात आपला मुलगा घालत होता, आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

“परत वाचा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी परत वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. ती माहिती अजून गोळा होते आहे. तेराव्याचं जेवण आटोपून मी निघालो, तेव्हा वहिनींनी मला थांबवलं आणि तो कागद माझ्या हातात दिला.

“भाऊ, तुम्हाला इंग्रजी येतं ना? ते रोज वाचून दाखवायचे.”

मी बसलो, चष्मा लावला, आणि नितीनच्या नावापासून सुरुवात केली.