डोळ्यांनी ऐकणारी भोंगामावशी

भोंगामावशी दोन फुटांवरच्या माणसाशीही नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. सांगलीजवळच्या आमच्या गावातली सूतगिरणी बंद पडून वर्षं झाली होती, पण मावशी सकाळी सुनेला हाक मारायची आणि आख्खी चाळ उठायची. गावानं ठेवलेलं नाव तिला माहीत होतं. "गिरणी गेली, भोंगा माज्याकडं ठिवून गेली," म्हणायची.

तिची उमेदीची वर्षं सूत गुंडाळायच्या खात्यात गेली. तिथल्या खडखडाटात कान कामाचे नसत. बायका नुसते ओठ हलवून बोलत, समोरची ते बघून समजून घेई. ती सवय मावशीची कधी मोडली नाही. ओट्यावर बसून ती समोरच्या किराणा दुकानात कोण काय पुटपुटतंय ते सांगे. लग्नात ती दिसली की बायका तोंडाला पदर लावत. "लावा, लावा! डोळं बी लय बोलत्यात तुमचं," असं ती मांडवभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणे.

गिरणीच्या गोष्टीही तिच्याचकडे. धुराडं बांधताना तीनदा ढासळलं, मग तोडलेल्या पिंपळावरचा मुंजा गवंड्याच्या स्वप्नात आला. मावशीच्या सांगण्यात कधी तो नारळ मागे, कधी रोज पहाटे हाक मारा म्हणे. "मावशी, यातलं खरं कुठलं?" मी एकदा विचारलं.

"जे ऐकताना तू गप बसलीस, ते."

माझे वडील, आबा, त्याच गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते; तिथंही बोलणं ओठांवरच चाले. चार वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर श्वासासाठी त्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. आवाज बंद. नळी ओढतील म्हणून हात बांधलेले. सहाव्या दिवशी ते सकाळपासून ओठ हलवत होते, घामाघूम झाले होते. मी एक हात सोडवून पाटी दिली, तर नुसत्या रेघोट्या उमटल्या. सिस्टर म्हणाली, "भ्रम झालाय. डॉक्टरांना विचारून झोपेचं इंजेक्शन देऊ." मी मान डोलावली.

तेवढ्यात मावशी भेटायला आली. आयसीयूत एकालाच सोडत, म्हणून मी बाहेर थांबले. मिनिटभरात बंद काचेतून तिचा आवाज आला.

"आवं सिस्टर, झोपिवताय काय! मानूस चांगला शुद्धीत हाय. डाव्या पोटरीत कळ हाय म्हनतोय, पाटंपासनं. तुमी समदी त्या नळीकडं बघताय, पायाकडं कोन बघंना!"

चादर काढली. पोटरी सुजून तट्ट झाली होती, हाताला गरम लागत होती. डॉक्टर धावत आले, सोनोग्राफी झाली, रक्ताची गुठळी दिसली. फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. औषध सुरू झालं. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "वेळेत कळलं. धोका टळलाय."

मी मावशीचे हात धरले, तर ती वैतागली. "मी काय केलं गं? त्यो वराडत हुता की!"

आबांची नळी निघेपर्यंत ती रोज आली. काचेपलीकडे दोघांचे ओठ भराभर हलत, मधेच दोघं हसत. सिस्टरनं विचारलं, "काय बोलतायत?" मला कळत नाही म्हटलं आणि बाहेरच्या बाकावर आडवी झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

गेल्या वर्षी मावशी गेली. आबांना रिक्षात बसा म्हटलं, ते ऐकेनात. स्मशानापर्यंत चालत गेले.