माजूफळं आणायला नांदेडला

शाईच्या एका दौतीला खरं काय पडतं? पाणी आडाचं, फुकट. डिंक बाभळीचा, तोही फुकटच. हिराकस वाण्याकडं मिळतो. उरलं शाईला काळेपणा देणारं माजूफळ. त्यासाठी या खेपेला लातूर ते नांदेड जाऊन-येऊन मोटारीचं भाडं, धर्मशाळेतल्या डासांना पाजलेलं रक्त आणि एक नवं कोरं धोतर गेलं. कचेरीतला कारकून त्याच शाईत कलम बुडवतो आणि जास्तीची शाई भिंतीवर झटकतो.

लातूरच्या कचेरीला शाई मी पुरवतो. बाहेरच्या पायरीवर बसून सुटी शाई विकण्यापासून सुरुवात केली. आज आतली सगळी खुर्ची-टेबलं माझ्या शाईवर चालतात. पण लढाई सुरू झाली, परदेशाचा माल येईना, आणि लातुरात उरलेलं माजूफळ किडकं निघालं. एक दिवस कचेरीतल्या पेशकारसाहेबांनी बोलावून कागद पुढं धरला.

"शाईवाले, हे वाचून दाखवा."

"साहेब, मला उर्दू वाचता येत नाही."

"मला येतं, तरी वाचता येईना. इतकी फिकी पडायलीय!" मग सरळच म्हणाले, "नवं फसली साल लागायच्या आत काळी शाई आणा. न्हाईतर हैदराबादहून गोळ्यांची शाई मागवतो."

गोळीची शाई पाण्याचा थेंब पडला की वाहून जाते, हे त्यांनाही ठाऊक. पण वाहून जायला आधी दिसावी तर लागते. कचेरी हातची गेली असती तर दुकानाला कुलूपच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीत बसलो.

पेट्रोल लढाईवर गेल्यानं सर्व्हिस मोटार कोळशाच्या धुरावर चालते. मागं लोखंडी पिंप, त्यात निखारे. जाणाऱ्यानं पुढचा बाक धरावा. मी मागं बसलो आणि चाकूर यायच्या आत ठिणगीनं धोतराला रुपयाएवढं भोक पाडलं. चढ आला की क्लीनर ओरडतो, "उतरा मंडळी, मोटार दमली!" आणि भाडं भरलेली माणसं मोटार ढकलतात. अहमदपूरला चहा बरा मिळतो. लोह्याला पिठलं-भाकरी घ्यावी. ठेचा मागितलाच तर पाण्याचा तांब्या जवळ ओढून मग मागावा.

अहमदपूरला एक मास्तर शेजारी येऊन बसले. मी माजूफळं आणायला निघालोय म्हटल्यावर त्यांना वर्गच मिळाला.

"ते ओकच्या झाडावर धरतं. विलायतेत ओक म्हणजे मजबुती. जहाजं त्याची, दारूची पिंपं त्याची. खंबीर माणसाला तिकडं ओकच्या काळजाचा म्हणतात."

पुढच्या बाकावर किनवटचा एक सागवानवाला होता. तो मान न वळवता म्हणाला, "आन् आमचा साग काय भाजीचा हाय का, मास्तर?"

मास्तर माझ्याकडं वळले. संस्कृतात माजूफळाला मायाफळ म्हणतात म्हणे, कारण ते फळच नव्हे. माशी फांदीत अंडं घालते आणि झाड त्याच्याभोवती गाठ धरतं. पुढचं मला संस्कृतावाचून माहीत होतं: किडा आत असेतो गाठ भरीव. भोक पाडून तो उडाला की सत्त्व गेलं, शाई फिकी.

नांदेडला पोचेतो दिवस कलला. नदीकाठच्या धर्मशाळेत जागा मिळते. पांघरूण आपलं न्यावं. सकाळी गोदावरीत बुडी मारली, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो. कोण, कुठला, कोणी विचारत नाही आणि दाळ फार चांगली असते. तिथून जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराच्या दुकानी गेलो.

"हलब का आखरी माल है," अत्तार म्हणाला. पांढरी दाढी, बोटं केशरानं पिवळी. हलब म्हणजे समुद्रापलीकडचं शहर, चांगलं माजूफळ तिथूनच येतं. "बलूत का दरख्त. सौ-सौ बरस जीता. लढाई खतम होने तक अब नै मिलेंगा."

मी मूठभर माजूफळं उजेडात फिरवून पाहिली. एकालाही भोक नाही. मग दोन-दोन कानाशी नेऊन एकमेकांवर आपटली. भरीव असलं तर ठक् बोलतं, पोकळ असलं तर भद्द. सगळी ठक् बोलली. कानानं माजूफळ पारखणारा निजामाच्या अख्ख्या राज्यात माझ्याशिवाय कोणी नसेल, असं मी त्याला ऐकवलं.

"सुभानल्ला," तो तागडी उचलत म्हणाला. "ऐसे कान अल्ला सबकू नै देता."

भावात त्यानं एक पैसा सोडला नाही. चांगल्या मालाचा दुकानदार अडूनच बसतो, म्हणून मला उलट धीर आला. सगळी पिशवी घेतली.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी पहिला घाणा तांब्याच्या पातेल्यात उकळायला ठेवला. थोड्या वेळानं हाक आली.

"अवो, ह्यात तूप घातलं का तुम्ही?"

"शाईत तूप कोण घालतं?"

"मग वर हे काय तरंगायलंय?"

तिनं पळीनं तवंग काढून फुंकर मारली. थिजला. मेण होतं. उरलेली माजूफळं सुईनं टोकरली तेव्हा उलगडा झाला: निम्म्याहून जास्त दाण्यांची भोकं मेणानं बुजवून वर धूळ चोळलेली.

"एवढं ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली, "मेण न्हाई का बोललं काही?"

दुप्पट माजूफळं घालून पुन्हा उकळलं. पेशकारसाहेबांनी त्या शाईनं एक ओळ लिहिली, ती सुकवायला वाळू टाकून झटकली, मग अक्षरांवर पाणी ओतलं आणि बोटानं घासून पाहिलं. अक्षर हललं नाही. "हां, आता वाचायला येतंय," म्हणाले. नव्या सालाचं काम माझ्याकडंच राहिलं. नफा पातेल्यात आटला.

नांदेडला जरूर जावं. गोदावरीसाठी, लंगरातल्या दाळीसाठी. ओक म्हणा, बलूत म्हणा, ते झाड मास्तरांनी पाहिलेलं नव्हतं, अत्तारानं नाही आणि मीही नाही. माजूफळं तर संपली. मेण मंडळींनी गाळून, कपाळावर कुंकवाखाली लावायला म्हणून, कुंकवाच्या डबीत भरलं. वर्षभर पुरेल एवढं निघालं.