लाल रंगातले आकडे

वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी उठावना होता, म्हणजे इथली शोकसभा. आपल्या मराठी लोकांत मुळात हा प्रकार नाही, पण इंदूरात चार पिढ्या काढल्यावर आपलं काय आणि इथलं काय. पांढऱ्या चादरी, भाड्याचा माइक आणि तासाभरात उरकणारं दुःख. त्यात कोणीतरी गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचायचा असतो. मी महूला कॉलेजात शिकवते, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं.

'अत्यंत कष्टाळू आणि कुटुंबवत्सल,' असं मी वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या माना बघून मला चीड आली, आणि हे शब्द लिहिणाऱ्या स्वतःची त्याहून जास्त आली.

कष्टाळू होते, त्यात खोटं काही नाही. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली, आधी सायकलवर आणि मग मोपेडवर जाऊन. त्यांच्यावाचून तिथलं पान हलत नसे. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा कारखान्यातून माणूस आला, एक मशीन कोणालाच चालू करता येईना. वडील गेले, मशीन चालू केलं आणि मुहूर्ताच्या जेमतेम आधी ग्रीसचे हात धुवत मांडवात शिरले. पाहुण्यांनी याचंही कौतुक केलं. मी बोहल्यावर चढण्याच्या तयारीत होते आणि लोक त्यांच्या नखांतलं ग्रीस बघून धन्य होत होते.

कुटुंबवत्सलपणा म्हणजे काय, तर घरातलं एकही काम त्यांनी दुसऱ्याला करू दिलं नाही. भाजी तेच आणणार, दळण तेच, बँकही त्यांचीच. आईच्या साड्यासुद्धा तेच आणत आणि सगळ्या बदामी, कारण बदामी रंग कुठेही चालतो. इथल्या लालबागेतल्या मेळ्यात आईने एकदा निळी साडी हातात घेतली होती. 'रंग जाईल,' म्हणत त्यांनी ती दुकानदाराला परत दिली. 'तुझ्या आईला काही जमत नाही गं,' हे वाक्य ते इतक्या मायेने म्हणत की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. आई नुसती हसायची. मला वडिलांच्या मायेइतकाच तिच्या हसण्याचाही राग यायचा. इतकं कसं कोणी मऊ असावं!

पाणी हा त्यांचा खास प्रांत. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड सकाळी येतं, तासभर. स्वयंपाकघरामागच्या अंगणात वडिलांनी स्वतः चार व्हॉल्व्ह बसवले होते. खालचा हौद, गच्चीवरची टाकी, बोअरिंग आणि सुरुवातीचं गढूळ पाणी गटारात सोडायची वाट. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटने आकडा, एक ते चार. पाण्याच्या दिवशी ते बनियनवर तिथे उभे राहत आणि कोणी जवळ फिरकलं तर ओरडत, 'मोटर जळेल!' शहाऐंशीव्या वर्षापर्यंत, शेवटच्या आजारापर्यंत, हे चालू होतं.

भाऊ पुण्याहून आला होता. मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्याने परस्पर ठरवून टाकलं, आई त्याच्याबरोबर पुण्याला जाणार आणि घराला कुलूप लागणार. 'तिला साधी मोटर चालू करता येत नाही, एकटी कशी राहील?' मीही मान डोलावली. आई एकदाच म्हणाली, "मला इथेच राहायचं आहे." आम्ही दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू लहान मूल फुगा मागतंय. दोन तिकिटं निघाली. बदामी साड्यांची बॅग भरली गेली.

निघायच्या दिवशी सकाळी पाणी येणार होतं. तोवर शेजाऱ्यांच्या पाइपावर निभावलं होतं, टाकी कोरडी पडली होती आणि कुलूप लावण्याआधी घर धुवून काढायचं होतं. भाऊ बाह्या सरसावत अंगणात गेला. "आकडे लिहिलेत की! यात काय आहे एवढं?" एक, दोन, तीन, चार, त्याने ओळीने उघडले आणि मोटर लावली. टाकीत थेंब नाही. सगळं पाणी गटारात, गटार तुंबून गल्लीत. आमच्या शहराला स्वच्छतेचा किती गर्व! समोरचे काका गॅलरीतून ओरडले, "ओ भिया, पूरी गली में पानी बह रिया है! चालान कटेगा!" भावाने घाईघाईने चौथा बंद केला. मोटर रडल्यासारखी कण्हायला लागली.

आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "बाजूला हो."

तिने मोटर बंद केली. तिसरा उघडा ठेवला, दुसरा बंद केला, पहिला अर्धा वळवला. पाइपाला तळहात लावून जरा थांबली आणि मग मोटर लावली. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"आकडे खोटे आहेत. गटाराचा चौथा नाही, दुसरा आहे," ती म्हणाली. "कारखान्यात पण ते असंच करायचे. दुसऱ्याने हात लावला की अडलं पाहिजे. मग बुलावा यायचा."

माझ्या लग्नाची सकाळ मला तेव्हा नीट दिसली. ते ग्रीस, ते कौतुक. शिसारी आली.

"तुला हे कधीपासून येतं?" मी विचारलं.

"घर बांधलं तेव्हापासून. खिडकीतून सगळं दिसतं ना."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"त्यांना मालूम पडलं असतं तर त्यांनी आकडे बदलले असते. मग मी पुन्हा शिकायचं." तिने हाताची कणीक खरवडून काढली. "इतकी वर्षं काही येत नाही असं दाखवत राहायचं, ते काय कमी मेहनतीचं आहे?"

मला तिच्याकडे बघवेना. उठावन्यात माइकवरून मी ज्या माणसाला कष्टाळू म्हटलं होतं, तो चुकीचा माणूस होता आणि बरोबर माणूस समोर पांढऱ्या चादरीवर मान खाली घालून बसला होता.

भावाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो तरीही म्हणाला, "पण आई, एकटीने..."

"माझं तिकीट कॅन्सल करून टाक," आई आत वळत म्हणाली. "आणि तुला गाडीत किती पोळ्या लागतील ते सांग. कणीक मळलेली आहे."